ताईच्या हातचा कोंडा

नवऱ्याला जेवतं करायला नणंदेची काकडी लागावी, याहून मोठा अपमान कुठल्या बाईचा झाला असेल?

तोकिएचा नवरा इसामु वसंतापासून खचला होता. बोलणं नाही, जेवण नाही, भिंतीकडे तोंड करून पडलेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शिवाय पोटाकडेही बघा म्हणाले. आतड्यातल्या जंतूंचं मनाशी साटंलोटं असतं, आंबवलेलं खाऊ घाला. तोकिएनं मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं सार केलं, आंबवलेले चिकट सोयाबीन, नात्तो, वाढलं. नवऱ्यानं बोट लावलं नाही. मग त्याची थोरली बहीण किनुयो, आईच्या वेळेपासून आंबत आलेल्या तांदळाच्या कोंड्याचं मडकं घेऊन आली. त्यात मुरलेली काकडी इसामुनं भाताबरोबर खाल्ली, वर आणखी मागून घेतली.

तेव्हापासून किनुयो रोज येई, बाही सारून उघड्या हातानं कोंडा ढवळी. "हाताचे जंतू कोंड्यात उतरतात गं. ज्याचा हात, त्याची चव," असं ऐकवी. तोकिएच्या तळपायाची आग मस्तकात जाई. म्हणजे नवरा माझा, आणि त्याच्या पोटात नांदणार नणंद! तो सावरत होता, आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. गोळ्यांचं तर कुणी नावही काढत नव्हतं; सगळं श्रेय ताईचं.

ऐन उन्हाळ्यात किनुयोचं मनगट मोडलं. रोज ढवळ, एक दिवसही चुकवू नकोस, असं तिनं फोनवर बजावलं. तोकिए हो म्हणाली आणि झाकणालाही शिवली नाही. सडू दे मेला.

सडलाच. वर पांढरी बुरशी धरली, घरभर घाण सुटली. पानात काकडी दिसेना, तरी इसामुनं विचारलं नाही. नुसता पुन्हा भिंतीकडे वळला. ती पाठ बघून तोकिए मडक्याकडे धावली. जळता जळता आपण कुणाच्या मुळावर उठलो?

तिनं बुरशी खरवडली, मीठ घातलं, कोपरापर्यंत हात खुपसून रडत ढवळू लागली. मागे इसामु येऊन उभा होता.

"मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम. तिच्या हातचं खाऊन बरे होत होतात. मला बघवत नव्हतं."

तो शेजारी बसला, बाही सारली आणि त्यानंही मडक्यात हात घातला. बराच वेळ दोघं ढवळत राहिली.

"वास जाईल हळूहळू," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "ताईला सांगू नकोस हं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, ताईपासून लपवलेली त्याची ही पहिली गोष्ट होती.