वाळवंटात दिसलेलं जहाज

राजरत्न ज्या मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला होता, ते जहाज त्या दुपारी पडद्यावर चक्क वाळवंटात उभं दिसलं. पडद्यासमोर त्याची मोठी बहीण रचना बसली होती.

ठाण्यातल्या त्या ऑफिसात जहाजांवर नजर ठेवायची आणि धोका दिसला की जहाजांना आणि मालकांना कळवायचं, हेच तिचं काम. आखातात कुणीतरी खोटे सिग्नल सोडून जीपीएसमध्ये गडबड करतंय, हे तिने लगेच ओळखलं. बरीच जहाजं वाळवंटातल्या एकाच विमानतळावर गोळा झालेली दिसत होती. पण ती प्रत्यक्षात कुठे होती?

तेवढ्यात विठ्ठलवाडीहून आईचा, मीराबाईंचा फोन आला. सकाळपासून राजरत्न, त्यांचा राजू, फोन उचलत नव्हता. रेंज नसेल, असं सांगून रचनाने वेळ मारून नेली.

मग उपग्रहाचं रडारचित्र आलं. त्यात जहाजं म्हणजे नुसते पांढरे ठिपके, नावगाव काही नाही. एक ठिपका खडकाळ, उथळ पाण्याला जवळजवळ टेकलेला. तिने लांबी मोजली. राजूच्या जहाजाएवढीच.

"मॅडम, हा माझा भाऊ असेल," ती कशीबशी म्हणाली.

"कुणाचाही भाऊ असेल. सगळ्यांना कळव," तिच्या वरिष्ठ योगिनी मॅडम म्हणाल्या आणि स्वतःही फोन घेऊन बसल्या.

जीपीएसवर विसंबू नका, वेग कमी करा, रडारवर किनारा बघून चाला, असा निरोप रचना एकेका जहाजाला धाडत राहिली. भावाच्या जहाजाला सगळ्यात आधी धाडला होता. उत्तर येत नव्हतं.

शेवटी राजूच्या जहाजाच्या कॅप्टनचा निरोप आला: गडबड ओळखून सकाळीच नांगर टाकलाय, सगळे सुखरूप.

तिने आईला कळवलं. आई म्हणाली, "मग आवाज का असा येतोय तुझा?"

"खडकाजवळ आहे ते दुसरंच जहाज आहे, आई. त्यावरही माणसं आहेत," असं म्हणून तिने फोन ठेवला.

ते जहाज खडकाला घासलंच. पण निरोप पोचल्यावर त्याने वेग कमी केला होता, त्यामुळे तळ फाटला नाही. संध्याकाळी मदतीला आलेल्या टगबोटींनी, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटींनी, माणसं उतरवून घेतली. ती बातमी येईपर्यंत रचना खुर्चीवरून उठली नाही.