अडीच ते चार

नोंदणीबाईंनी पर्स खांद्याला लावली, उठल्या, आणि समोर पाहून परत बसल्या. साहेब जागे होते.

नुसते जागे नव्हते, टक्क जागे होते. अडीच वाजून पाच मिनिटं झाली होती आणि ते पेन्सिल घेऊन कुठल्याशा वहीत ओळीओळीला टिंब देत होते. हा तिसरा आठवडा.

वजनकाटे तपासणीच्या त्या कार्यालयात माणसं तीनच. सकाळी दुकानदार आपापले काटे घेऊन येत. साहेब ते तपासत, शिपाई मामा शिक्का ठोकत, बाई रजिस्टर भरत. दोनला खिडकी बंद, चारनंतर दाखल्यांवर सह्या. मधला वेळ कागदोपत्री तपासणीचा होता आणि प्रत्यक्षात साहेबांच्या झोपेचा. जगाचा ग्रॅम-ग्रॅम तोलणारा हा माणूस स्वतः एकशे अडतीस किलोंचा. अडीचला हनुवटी छातीवर टेकली की कपाटाच्या काचा थरथरत. आपण डोळे मिटून विचार करतो, अशी साहेबांची समजूत होती. ती कोणी मोडली नाही. मोडण्यात कोणाचाच फायदा नव्हता.

बाईंचा तर मुळीच नव्हता. त्यांची आई दहा मिनिटांवरच्या वृद्धाश्रमात असे. भेटीची वेळ तीन ते पावणेचार. पडल्यापासून आईचे पाय आखडले होते, चालवलं तरच चालतील असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि आई लेकीशिवाय कोणाचा हात धरायला तयार नव्हती. "परक्याच्या खांद्यावरून माणसानं एकदाच जावं," ती म्हणे. म्हणून पावणेतीनला निघायचं, व्हरांड्यात बारा फेऱ्या घालायच्या, चारच्या ठोक्याला परत. सवलत मागायची सोय नव्हती. साहेबांनी एकदा मामांची अर्ध्या दिवसाची रजा मांडली होती, सतरा मिनिटांसाठी.

घोटाळा झाला तो बाईंच्या हाताला असलेल्या नोंदीच्या सवयीनं. एका दुपारी घोरणं मध्येच थांबलं. काचाही थांबल्या. बाईंनी घड्याळ पाहिलं: बावीस सेकंद. मग पाण्याखालून वर आल्यासारखा एक आवाज, आणि गाडी पुन्हा सुरू. त्या दिवसापासून त्यांनी एका पातळ वहीत लिहायला घेतलं. तारीख, वेळ, सेकंद. एकदा एकेचाळीस झाले तेव्हा त्यांनी जाडजूड रजिस्टर टेबलावर आपटलं.

"काय पडलं?" साहेब दचकून म्हणाले.

"झुरळ होतं साहेब."

आईकडे निघताना त्या मामांना बजावून जात.

"तीसच्या वर गेलं तर कपाटाचं दार आपटा. आणि वहीत मांडा."

"बाई, मी शिपाई आहे का नर्स?"

"तुम्ही काय आहात ते मागाहून ठरवू. आधी घड्याळ बघा."

शेवटी साहेबांच्या पत्नी त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला आल्या, तेव्हा बाईंनी ती वही त्यांच्या हातात ठेवली. चार महिने लिहिलं, पाचव्यात सांगितलं. मधले चार महिने कोणाच्या खात्यावर टाकायचे, ते बाईंनी अजून ठरवलेलं नव्हतं.

पुढचं सगळं रीतसर झालं. झोपेत तासाला पन्नासदा श्वास अडकतो, असं तपासणीत निघालं. तोंडावर लावायचं यंत्र मिळालं, ते साहेब झोपेतच ओरबाडून फेकत. मग जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया. महिन्यानं कामावर आले ते डब्याऐवजी वाटी घेऊन. दर सोमवारी मामा त्यांना पोती तोलायच्या काट्यावर उभं करत आणि आकडा खडूनं भिंतीवर लिहीत. एकशे बावीस. काही महिन्यांनी एकशे दहा. खिडकीतले दुकानदार टाळ्या वाजवत, बाईही वाजवत. फक्त बाईंना त्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा दिसे. एकशे बावीसला साहेब तासभर झोपत. एकशे दहाला अर्धा तास. शंभराला बारा मिनिटं, म्हणजे वृद्धाश्रमाचं फाटक गाठून माघारी फिरण्यापुरतीही नाहीत. अठ्ठ्याण्णवला डॉक्टरांनी पुन्हा तपासून यंत्र लागणार नाही असं लिहून दिलं, आणि साहेबांची दुपार कोरी झाली. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. किलोकिलोनं पाडून घेणाऱ्या बाई एकट्याच.

"तुझा साहेब गेला की काय गं?" गेल्या रविवारी आईनं विचारलं होतं.

"नाही. जागा झालाय."

"हे तर त्याहून वाईट."

त्या दिवशी फेऱ्या दोनच झाल्या. आणि आज सकाळी फोन आला की आई तीन दिवस पलंगावरून उतरलेली नाही. आजही उतरली नाही तर उद्यापासून चाकाची खुर्ची. तिथं खुर्चीत बसलेलं माणूस परत उठलेलं बाईंनी पाहिलं नव्हतं.

"बाई, जरा इकडे या," साहेब म्हणाले.

बाई टेबलापाशी गेल्या आणि त्यांनी वही ओळखली.

"डॉक्टरांनी फाइल परत दिली, तिच्यात होती. हे तुम्ही लिहिलंत?"

"हो साहेब."

"अडीच ते पावणेतीन तुमचं अक्षर. चारला परत तुमचं. मधलं नाही."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, बाईंच्या मनात ते भर दुपारी पडलं.

"मधलं मामांचं," त्या म्हणाल्या.

दारातले मामा एकाएकी खिडकीबाहेरचं झाड बघू लागले.

"तरीच साताचं शेपूट उलटं." साहेबांनी पानं उलटली. "चार महिने. एक दिवस सुटलेला नाही. कुठे जात होता?"

"आई आहे साहेब, वृद्धाश्रमात. तिला चालवावं लागतं."

"भेटीची वेळ?"

"तीन ते पावणेचार."

साहेबांनी भिंतीवरचे खडूचे आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. मग वहीतला एकेचाळीस पेन्सिलीनं दोनदा गिरवला.

"अशी रोजची सवलत नियमात बसत नाही," ते म्हणाले. "आणि नियमाबाहेर मी सही करत नाही."

"माहीत आहे साहेब."

"बसा जागेवर."

बाईंनी जागेवर येऊन रजिस्टर उघडलं. एक ओळ लिहिली, तीही चुकली. खोडायला रबर शोधताना त्यांनी वर पाहिलं. साहेबांनी चष्मा काढून वहीवर ठेवला होता. ते खुर्चीत मागे रेलले, हनुवटी छातीकडे नेली. पूर्वी तिथं मांसाची गादी होती. आता हनुवटीला टेकायला काही मिळेना, ती अधांतरीच राहिली. मग त्यांनी डोळे मिटले.

कपाटाच्या काचा वाजल्या नाहीत. बाईंचं लक्ष सवयीनं घड्याळाकडे गेलं. श्वास आत, श्वास बाहेर, कुठं अडखळ नाही, शिक्का मारावा असा. आणि हातात पेन्सिल. एके काळी ती अडीच वाजून दोन मिनिटांनी जमिनीवर असायची, मामा रोज तिला टोक करून ठेवायचे. आज ती बोटांत ताठ उभी होती.

"झोपले?" मामा कुजबुजले.

बाईंनी पर्स खांद्याला लावली.

"तीसच्या वर गेलं तर कपाट आपटू ना?"

"आज नको मामा. उगाच जागे व्हायचे."

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. पायरव ओळखूनही वळली नाही.

"आज कशी उगवलीस? रजा टाकली?"

"नाही. साहेब झोपलेत."

आता मात्र आई या कुशीवर आली.

"घोरतोय?"

"नाही."

आई लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं पांघरूण बाजूला सारलं आणि एक पाय खाली सोडला.

"मग धर लवकर," ती म्हणाली. "असं किती वेळ पडून राहील बिचारा."