शंभर थेंबांची बाटली

"कोंडाबाई, ती बाटली घेऊन माझ्या दारात उभ्या नका राहू. आधीच सांगू राहिले."

कावेरी खुराड्याच्या फळीला पाठ लावून अशी ठाण मांडून बसली होती, जणू आत कोंबड्या नाहीत, सोनं आहे. नुकतंच उजाडत होतं. सिल्वासाजवळच्या मसाटच्या कारखान्यांची रात्रपाळी अजून सुटायची होती. कोंडाबाईच्या हातात स्टीलचा डबा, डब्यात बर्फ आणि बर्फात कोंबड्यांच्या मानमोडी रोगावरच्या लशीची एवढीशी बाटली. कोंबडीच्या डोळ्यात एक थेंब टाकायचा, बस्स. पण या लशीचे नखरे भारी! एका बाटलीत शंभर कोंबड्यांचं औषध, त्याहून लहान बाटली मिळत नाही. आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवायची, नाहीतर फेकून द्यायची. कोंडाबाईच्या स्वतःच्या कोंबड्या अकरा. म्हणून सगळ्या चाळीच्या कोंबड्या मिळून एक बाटली फोडायची, हा तिचाच शिरस्ता. शिरपूरकडून नवऱ्याच्या मागोमाग इथे आली, तेव्हापासून पंधरा वर्षं ती हे काम करत होती. चाळ तिला कोंबड्यांची डॉक्टरीण म्हणायची. तीही "काय तरीच!" म्हणत ते नाव ऐटीत मिरवायची.

गेल्या वर्षी त्या नावाचं मातेरं व्हायचं, ते थोडक्यात वाचलं. तेव्हा डोळ्यात घालायच्या ऐवजी तिने लस पाण्यातून पाजली होती. पुढे महिन्याभरात साठेक कोंबड्या माना वाकड्या करून मेल्या. कावेरीच्या एकटीच्या सतरा गेल्या, आणि त्यात नवसाला राखलेला तांबडा कोंबडा होता. त्या दिवसापासून कावेरीने कोंडाबाईशी बोलणं टाकलं.

"औषधच बोगस होतं," असं लोक म्हणाले. कोंडाबाईलाही तेच वाटलं. पुढे सिल्वासाला गेली, तेव्हा जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी कुठलं घेतलंत?" तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. चांगलं स्वच्छ म्हणून तिने नळाचं पाणी घेतलं होतं, आणि टाकीत आदल्याच दिवशी ब्लीचिंग पावडर मारलेली. लस कोंबड्यांच्या पोटात जायच्या आधी घमेल्यातच मेली होती. हे तिने घरातसुद्धा कुणाला सांगितलं नाही. एकदा नाव झालं की चूक कबूल करणं जड जातं, आणि कोंडाबाईला तर फारच.

यंदा तेच भोवलं. शेजारच्या गावात मानमोडी आली होती, आणि बोगस औषध नको म्हणून चाळीत एकजण कोंबडीला हात लावू देईना. कोंडाबाईने तर नेहमीच्या तोऱ्यात घरूनच लस कालवून आणलेली! दारोदार फिरण्यात पाऊण तास गेला. सगळीकडे एकच उत्तर : कावेरीने दिल्या तर आम्ही देऊ.

"कावेरी, औषध चांगलं आहे गं."

"मागच्या सालीबी हेच सांगितलं होतं तुम्ही."

कोंडाबाईने डब्याकडे पाहिलं. बर्फ विरघळत होता. मागे पाचसहा बायका गोळा झाल्या होत्या. आता बोलावं तर पंधरा वर्षांची अब्रू जाणार, न बोलावं तर यांच्या कोंबड्या जाणार.

"औषध मागच्या सालीबी चांगलंच होतं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मी मारलं ते. नळाचं पाणी घातलं, त्यात पावडर होती. चूक माझी. तुझा कोंबडा माझ्यामुळे गेला, कावेरी."

सोनी नावाची एक तरणी सून पुटपुटली, "वर्षभर हे लपवून ठेवलं, बघा!" कावेरी उठली. आता ही डबा भिरकावते की काय, असंच सगळ्यांना वाटलं.

"आज पाणी कोणतं घातलं?"

"पाणी नाहीच. बाटलीसंगं आलेलंच औषधपाणी."

कावेरीने खुराड्याची फळी सरकवली, हात आत घातला आणि पहिली कोंबडी बाहेर काढली. "टाका," ती म्हणाली. आवाजात गोडवा नव्हता. पण कोंबडीची मान तिने नीट धरली होती.

मग काय विचारता! पदर खोचून बायका डालगी उचलू लागल्या. कावेरी धरतेय, कोंडाबाई थेंब टाकतेय, सोनी मोजतेय. कोंबडीने डोळा मिटून उघडला, की पुढची. अठ्ठ्याऐंशी कोंबड्या झाल्या, आणि कोंडाबाई आपल्या खुराड्याशी पोचली तेव्हा दोन तास उलटून दहा मिनिटं झाली होती.

रात्रपाळी करून तिचा नवरा झुंबर दारात टेकला होता. "आहे की अजून बाटलीत. टाक ना आपल्या कोंबड्यांना."

"टाइम झाला."

"दहा मिनिटांनी काय होतं?"

"मागच्या सालीबी मी असंच म्हटलं होतं. नळाच्या पाण्याने काय होतं!" तिने उरलेली लस चुलीतल्या निखाऱ्यांवर ओतली.

दवाखान्यात पुढचा साठा यायला तीन आठवडे लागले. तोवर थांबायला मानमोडीला सवड नव्हती. अकरातल्या नऊ गेल्या. कोंडाबाईने परसात खोल खड्डा खणून, चुना टाकून त्या पुरल्या आणि मग हमसून हमसून रडली. चाळीतल्या बाकीच्या मात्र जिवंत राहिल्या, दोनचार सोडल्या तर सगळ्या.

नवीन साठा आल्याचं कळलं, त्या संध्याकाळी पलीकडच्या वाडीतून धनश्री नावाची बाई कोंडाबाईचं घर विचारत आली आणि कावेरीने तिला दारापर्यंत आणलं. त्यांच्याकडे साथ अजून पोचायची होती. उरलेल्या दोन कोंबड्या डालग्याखाली ठेवून कोंडाबाई रिकाम्या खुराड्याला चुना लावत होती. धनश्रीने खुराडं पाहिलं आणि हळूच कावेरीला विचारलं, "औषध हिनेच टाकलं ना? मग हिच्याच कशा मेल्या?"

कावेरी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आधी आमच्या केल्या, म्हणून." आणि दारातूनच मोठ्याने हाक मारली, "ओ डॉक्टरीणबाई! पेशंट आलंय."

कोंडाबाईने हात धुतले, पदराला पुसले आणि बाहेर आली.

"उद्या कोंबड्या सोडू नका," ती धनश्रीला म्हणाली. "मी उजाडायच्या आत येते."