कोरडं तेल

डाग गोल असता तर चहाचा म्हणून खपवला असता. लांबट असता तर शाईचा. पण तो डाग नव्हताच, शिक्का होता. पांढऱ्याशुभ्र कोटाच्या घेरावर काळ्या दातांची अर्धगोल रांग, एकेक दात मोजून घ्यावा इतकी स्वच्छ. आणि कोट कुणाचा, तर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा.

त्यांनी कोट खिडकीपाशी धरला. "हे कुणाचे दात?"

"माझ्या सायकलचे," मी म्हटलं.

"सगळे किडलेत."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मी घरी शिवणकाम करते. त्यांच्या दवाखान्याच्या बारा कोटांपैकी सहा त्या शुक्रवारी घेऊन गेले होते. घेर आणि बटणं मी ज्याच्या त्याच्या अंगावर बघून तिथेच पक्की करते, आणि मांडी घातल्याशिवाय माझी सुई चालत नाही. आता सायकलची साखळी घासते ती उजव्या पोटरीला, आतल्या बाजूनं. पँटवर तिचं चित्र उमटतं, मांडी घातली की ते चित्र नेमकं वर येतं, आणि त्यावर मी कोट पसरते. छापखान्यात याहून वेगळं काय करतात?

"उरलेले सहा पुढच्या शुक्रवारी आणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझ्यासमोर माणसं तोंड उघडतात ती आधी कोटाकडे बघून. एक ठिपका दिसला, तर यापुढचं काम दुसऱ्या कुणाला देईन. राग मानू नका."

राग कसला मानायचा? मीही परत केला असता असला कोट.

घरी मी हे फक्त नवऱ्याला सांगितलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत वन्संना कळलं. वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून एकट्याच राहतात. हवामान खात्यातून निवृत्त झाल्याला वर्ष झालं, तरी अजून खिडकीतून बघून आभाळाला तोंडी सूचना देतात. त्यांच्याकडे छोटी गाडी आहे.

"तरी मी सांगत होते," वन्सं म्हणाल्या. "या वयात सायकल कशाला? दर शुक्रवारी मी सोडत जाईन तुला. दहाला तयार राहा."

वन्संचा चांगुलपणा ढगासारखा. एकदा डोक्यावर आला की बरसल्याशिवाय हलत नाही. त्यांच्या गाडीत रस्ता त्या ठरवणार, काच किती उघडायची ते त्या ठरवणार, आणि दवाखान्यात माझ्या शेजारी बसून टाके मोजणार. आणि मी सायकल शिकले ती सत्तेचाळिसाव्या वर्षी, बाजाराच्या रिकाम्या मैदानात, दोन्ही गुडघ्यांची सालटी देऊन. भाच्यानं टाकून दिलेली गिअरची सायकल. घरापासून दवाखान्यापर्यंतचे चार किलोमीटर हीच काय ती माझ्या एकटीच्या मालकीची जमीन.

म्हणून तोंडातून निघून गेलं, "पुन्हा डाग पडला तर सायकल देऊन टाकीन, वन्सं. जन्मभर तुमच्या गाडीतून येईन."

"जन्मभर म्हणजे कुणाच्या?" नवऱ्यानं वर्तमानपत्राआडून विचारलं. मग बहिणीचा चेहरा बघून म्हणाले, "त्यापेक्षा साखळीला झाकण बसवून घे की."

शनिवारी सायकलवाल्याकडे गेले. आमचे हे त्याला 'उलटतपासणी' म्हणतात, कारण तो कुठल्याही प्रश्नाला प्रश्नानंच उत्तर देतो.

"झाकण बसेल का हो हिला?"

"गिअरची साखळी जागा बदलते, ताई. झाकण कुठे बसवणार? तेल कुठलं घालता?"

"शिलाई मशीनचं."

"किती?"

"भरपूर. रोज."

"आणि पुसता कधी?"

"घातलेलं तेल पुसायचं कशाला?"

या प्रश्नावर त्यालाही प्रश्न सुचला नाही. त्यानं दोन लहान बाटल्या फळीवर ठेवल्या. "हे ओलं तेल. हे कोरडं तेल."

मी दुसरी बाटली हलवली. आत चांगलं डचमळलं. "हे कसलं कोरडं? हेही ओलंच आहे."

"बाटलीत ओलं आहे. साखळीत मुरल्यावर वाळेल का नाही?"

बरंच खोदून विचारल्यावर कळलं ते असं. ओलं तेल दाट असतं, पावसापाण्यातही टिकतं, पण रस्त्यावरची धूळ पाहुण्यासारखी धरून ठेवतं. कोरडं तेल पातळ. ते आत शिरतं, पातळसा थर मागे ठेवून वाळतं, धूळ कमी धरतं, पण एका सरीत धुऊन जातं आणि पुन्हा पुन्हा घालावं लागतं.

"मग मी कुठलं घेऊ?"

"तुमचा रस्ता ओला की कोरडा?"

मी दोन्ही बाटल्या घेतल्या. शिवण मला कुणी शिकवलं नाही. एक जुना सदरा उसवून पुन्हा जोडला, तेव्हा कळलं बाही कशी लागते. सांगून मला काही समजत नाही, उसवूनच बघावं लागतं. घरी कोटाच्या कापडाच्या पट्ट्या उरल्या होत्या. ठरवलं, रोज एक तेल घालायचं, पोटरीला एक पांढरी पट्टी गुंडाळायची, दवाखान्यापर्यंत जाऊन परत यायचं आणि पट्टी सोडून बघायची. रविवारी नेहमीचं मशीनचं, सोमवारी ओलं, मंगळवारी कोरडं.

पहिल्याच दिवशी शेजारीण दारात आली. "पडलात ना? मला वाटलंच होतं." सोमवारी कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं हाक मारून सांगितलं, "ताई, जखम काळी पडतेय, दाखवून घ्या." मंगळवारी मी खुलासे करणं सोडून दिलं आणि थोडं लंगडले. लोकांचं समाधान होतं.

मंगळवारी संध्याकाळी तिन्ही पट्ट्या टाचणीनं भिंतीवर लावल्या. चष्मा लावून बघितल्या, काढून बघितल्या. तिन्ही सारख्याच काळ्या. यांना विचारलं, यातली कोरड्या तेलाची कुठली? त्यांनी मधली दाखवली. ती ओल्याची होती.

तशीच सायकल घेऊन उलटतपासणीकडे गेले.

"आंघोळ न करता पावडर लावता का, ताई?" त्यानं विचारलं आणि खाली वाकून मागच्या दोन छोट्या दातेरी चाकांमधून नखानं एक गोळा खरवडून माझ्या तळहातावर ठेवला. "हे काय आहे?"

मी उजेडात धरून बघितलं. तेल होतं, धूळ होती, आणि दोरे. सायकल शिवणाच्या खोलीतच उभी असते ना. गोळा उकलला तर आत एक पोपटी धागा निघाला. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी पडद्यांना लावला होता तो. एक जांभळा, आता कुठे मिळत नाही त्या छटेचा. माझं दोन वर्षांचं शिवणकाम साखळीनं जपून ठेवलं होतं, आणि त्यावर मी रोज नेमानं तेल ओतत होते.

बुधवारी शिवायचे कपडे बाजूला ठेवले. मागच्या अंगणात सायकल उलटी केली, रॉकेल घेतलं, जुना दातांचा ब्रश घेतला.

"जुनाच आहे ना? बघून घे," हे आतून ओरडले.

छोट्या चाकांतला मळ क्रोशाच्या सुईनं काढला. मागच्या चाकावरच्या गिअरच्या दातेरी चकत्यांमध्ये ब्रश पोचेना. तेव्हा कापडाच्या काठाची पट्टी त्यांच्यामधून ओवली आणि पुढेमागे ओढली. डॉक्टरीणबाई प्रत्येक पेशंटला दातांतून दोरा फिरवायला सांगतात, तसंच. दोन वेळा रॉकेल बदललं. साखळी चांदीसारखी निघाली. मला वाटत होतं तिचा रंगच काळा आहे.

आणि मग तिच्याजवळ बसूनच राहिले. साखळी म्हणजे नुसत्या कड्या नव्हेत. प्रत्येक सांध्यात एक खिळा, आणि खिळ्याभोवती एक इवलासा रूळ, बोटानं ढकलला तर गरकन फिरणारा. मी मोजले. एकशे चौदा. एकशे चौदा रूळ माझ्या पायाखाली फिरत होते आणि मी त्यांना कधी विचारलंही नव्हतं.

गुरुवारी सकाळी फेरी मारायला निघाले, तर सायकल पिंजऱ्यातल्या पोपटांसारखी चिरकायला लागली. सगळी गल्ली वळून बघत होती. पायडल जड. मी बाहेरचा मळ काढताना आतलं तेलही पार धुऊन काढलं होतं. आजवर बुडवून ठेवली, आता उपाशी ठेवली. हातात एक दिवस उरला होता.

मुकाट्यानं मशीनवर बसले. सहावा कोट अर्धा राहिला होता. मशीनलाही तेल हवं होतं. एक थेंब इथे, एक तिथे, मग नेहमीप्रमाणे एक चिंधी सुईखाली घालून नुसतीच शिवत गेले. तेल घातल्यावर चिंधी चालवायचीच, तिच्यावर डाग उमटायचा थांबेपर्यंत, नाहीतर पहिलंच कापड खराब होतं. हे कुठल्याही नवशिक्या पोरीला मी पहिल्या दिवशी सांगते.

माझा पाय थांबला.

तीस वर्षं या मशीनवरचं जादा तेल मी पुसत आलेय, आणि हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या दुसऱ्या यंत्राला रोज तेलात बुचकळतेय! तेल हवं होतं ते रुळाच्या आत, लोखंड लोखंडावर फिरतं तिथे. बाहेर राहिलेला प्रत्येक थेंब म्हणजे धुळीला आमंत्रण. स्वतःच्या कपाळावर हात मारला. नशीब, हात स्वच्छ होते.

आता प्रश्न एवढाच, कुठलं तेल? ते ठरणार होतं उद्याच्या आभाळावर. संध्याकाळी, बोलावल्यासारख्या, वन्सं आल्या.

"उद्या दहा. लक्षात आहे ना?"

"वन्सं, उद्या पाऊस आहे का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं, दोन्ही बाटल्यांकडे बघितलं. बाई हुशार. पाऊस म्हटलं असतं तर मी ओलं तेल घातलं असतं, आणि पुन्हा डाग पडला असता. त्या खिडकीपाशी गेल्या, मान वर करून आभाळ बघितलं. पण सदतीस वर्षं आभाळाची नोकरी केलेली. त्याच्याबद्दल खोटं बोलायला जीभ वळेना.

"शनिवारपर्यंत थेंब नाही," त्या म्हणाल्या. जणू दाढ काढून माझ्या हातावर ठेवली.

"मग कोरडं तेल. जरा पायडल फिरवता? हळूहळू, उलटं. मला एका हातानं जमत नाहीये."

"मी?"

"तुम्हीच."

त्या स्टुलावर बसल्या. त्या पायडल फिरवायच्या, मी एकेका रुळावर एकेक थेंब सोडायचे. दहा थेंब त्यांनी नुसतं पायडल फिरवलं. मग मोजायला लागल्या.

"एकोणचाळीस, चाळीस... अगं, हा सुटला! मागे घेऊ का? घे, टाक. एक्केचाळीस. हे आत जातं कसं गं?"

"फटीतून. म्हणून पातळ."

"म्हणजे जमिनीत मुरतं तसं. सावकाश पडलेला पाऊसच मुरतो, धो धो पडलेला वाहून जातो."

हे मला पाच दिवस कुणी सांगितलं नव्हतं.

एकशे चौदा झाल्यावर त्यांनी माझ्याआधी वाकून साखळीला बोट लावलं आणि बोटाचा वास घेतला. जाताना मात्र दारातून म्हणाल्या, "तरीही उद्या मी दवाखान्यापाशी येऊन थांबणार. न जाणो."

रात्रभर तेल मुरू दिलं. सकाळी उठून कोरड्या फडक्यात साखळी धरली आणि पायडल फिरवत राहिले, फडक्यावर रेघ उमटायची थांबेपर्यंत. मग निघाले. सायकलचा आवाजच नव्हता. मला वाटलं साखळी पडली, म्हणून दोनदा वाकून बघितलं.

दवाखान्यात पाच कोट डागाविना झाले. शेवटचा डॉक्टरीणबाईंचा स्वतःचा. बटण सरकवायचं होतं. मी बाकावर मांडी घातली, कोट पसरला, चार टाके घातले, गाठ मारली. त्यांनी कोट खिडकीपाशी नेला. पुढून, मागून, घेर उलटून बघितला. मग माझ्याकडे वळल्या.

"पाय बघू."

मी पाय पुढे केला. पँटवर एक पुसटशी करडी रेघ होती. त्यांनी चिमट्यात कापसाचा बोळा धरला, रेघेवरून चांगला घासला आणि दिव्याखाली धरला. बोळा पांढराच.

"काय केलंत?"

"आतून तेल, बाहेरून कोरडं. आणि दोन चकत्यांमधून काठाची पट्टी."

आता त्या हसल्या. "हे तुम्ही माझ्या पेशंटना येऊन सांगा. माझं ऐकत नाहीत." मग बाहेरच्या खोलीकडे बोट केलं. "कोटांचं काम तुमचंच. आणि त्या नऊ खुर्च्यांना कव्हरं हवीत. जाड कापड आहे, मंगळवारी येऊन घेऊन जा."

कापडाचा गठ्ठा बघून घेतला. मोठा होता. पण तीन खेपांत सायकलवर नेता आला असता. तीन खेपा म्हणजे चोवीस किलोमीटर. मनात मी पहिल्या खेपेला निघालेसुद्धा होते.

रस्त्यापलीकडे वन्संची गाडी उभी होती. काच खाली. मी सायकल घेऊन पलीकडे गेले.

"डाग?" त्यांनी विचारलं.

"नाही पडला."

"वा. छान झालं," त्या म्हणाल्या, आणि लगेच समोर बघायला लागल्या. त्यांनी इस्त्रीची साडी नेसली होती. मागच्या सीटवर पाण्याची बाटली होती, दोन पेले होते, आणि माझ्या पाठीला म्हणून एक उशी. सकाळी दहापासून त्या तिथे होत्या. आता पावणेबारा वाजले होते. साखळीतले एकशे चौदा रूळ मी मोजले होते. निवृत्त झाल्यापासून वन्संचा दिवस कसा जातो, हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

"वन्सं, शुक्रवारी मी सायकलनंच येणार," मी म्हटलं.

"हो, कळलं ते."

"पण मंगळवारी जाड कापडाचा गठ्ठा न्यायचाय. सायकलवर नाही मावायचा. तुम्ही मोकळ्या आहात?"

"मंगळवारी?" त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बघावं लागेल."

पर्समधून डायरी काढली, चष्मा लावला. मी खिडकीबाहेर सायकल धरून उभी होते, मला सगळं दिसत होतं. पानं कोरी होती. त्या एकेक पान उलटत त्यांतून मंगळवार शोधत राहिल्या.

"साडेदहाला जमेल," शेवटी त्या म्हणाल्या, आणि पेन काढून ते तिथे लिहून ठेवलं.