गवत वाढले होते

चौदा नंबरची फाईल कपाटातून उचलली तेव्हा जलालुद्दीनच्या हाताला आधी कळलं, डोळ्यांना नंतर. फाईल हलकी लागली. तीस वर्षं कागद उचलणाऱ्या माणसाच्या तळव्यात तराजू तयार होतो. दोन पानं कमी झाली तरी काटा हलतो. इथे तर फायलीत एकूण पानंच दोन होती.

त्यानं पुठ्ठा उघडला. आतून चमचाभर माती टेबलावर सांडली.

चहा घेऊन दारात उभा असलेला शिपाई मनसाराम म्हणाला, "अरे बाप! उधई लागली काय, जलालभाऊ?"

"लागली नाई. जेवून गेली."

जलालुद्दीन खुर्चीवर बसला. मग उठून बाकीच्या सोळा फायली एकेक करून पाहिल्या. सोळाच्या सोळा ठणठणीत. वाळवीनं शोधून शोधून चौदा नंबरचीच खाल्ली होती, आणि आज स्मृतिदिन होता, आणि बारा वाजताच्या अहेरीच्या गाडीनं गिरजाबाई येणार होती.

चंद्रपूरच्या परकोटाला पाठ टेकून उभ्या असलेल्या त्या चार खोल्यांचं नाव होतं 'वन सत्याग्रह स्मृती संग्रहालय'. एकोणीसशे तीस साली डोंगरमेट्याच्या सतरा जणांनी सरकारी रानातलं गवत कापलं आणि ते तुरुंगात गेले, त्यांचं हे स्मारक. त्यांच्या मागे राहिलेल्या वस्तू तीन: एक विळा, एक कांबळं, एक पितळी लोटा. या तीन वस्तूंची नोंद ठेवणारी रजिस्टरं एकतीस होती, आणि त्या एकतीस रजिस्टरांची नोंद ठेवणारं बत्तिसावं. या सगळ्याचा रेकॉर्ड कीपर जलालुद्दीन. घरी बायको शमसुन्निसा त्याला 'मुर्द्यांचा हजेरी मास्तर' म्हणायची.

तो मूळचा जिल्दसाज. बापाचा धंदा तोच. एकाहत्तर साली फायली बांधायला म्हणून पंधरा दिवसांच्या कामावर आला. पंधरा दिवस संपले तेव्हा कोणी 'जा' म्हणालं नाही, म्हणून तो थांबला. आता दोन हजार एक साल चालू होतं. अजूनही कोणी म्हटलं नव्हतं.

चौदा नंबर म्हणजे पोचू. गिरजाबाईचा बाप. सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि चौथ्या महिन्यात तुरुंगातच तापानं गेला. त्याचा फोटो नाही, सही नाही. गावातलं घर दोनदा पुरात गेलं. जगात त्याचं म्हणून जे काही उरलं होतं ते त्या फायलीत होतं: मुन्शीनं लिहून घेतलेली दोन पानी जबानी आणि तिच्याखाली डाव्या हाताचा अंगठा. अंगठ्याच्या ठशात आडवी पांढरी रेघ होती. विळ्याचा वार.

दर स्मृतिदिनाला गिरजाबाई यायची. जलालुद्दीन तिला जबानी वाचून दाखवायचा. ती त्या पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवायची, कागद कपाळाला लावायची, आणि मग त्या अंगठ्यावर ओठ टेकायची. अठ्ठ्याण्णव साली सगळ्या फायली नव्यानं बांधल्या तेव्हा जलालुद्दीनच्या डोळ्यांसमोर हे ओठ होते. जिल्दीच्या खळीत मोरचूद घालतात. निळं जहर असतं, वाळवी फिरकत नाही. सोळा फायलींना त्यानं मोरचूद घातलेली खळ लावली, पानांच्या कडांनाही तिचा हात फिरवला. चौदा नंबरसाठी वेगळ्या वाटीत साधी तांदळाची खळ शिजवली. म्हातारी दरसाल त्या कागदाला तोंड लावते, तिच्या पोटात काही जाऊ नये.

वाळवीच्या पोटात जाईल, हे त्यानं धरलं नव्हतं.

"झेरॉक्स तं असंल ना?" मनसारामनं विचारलं.

झेरॉक्स काढण्याचा प्रस्ताव चौऱ्याण्णव साली गेला होता. त्यावर तीन दुकानांचे दर मागवले, मग सात स्मरणपत्रं. त्या प्रस्तावाची फाईल शेजारच्याच कपाटात होती, दोन इंच जाड. तिला वाळवीनं शिवलंसुद्धा नव्हतं.

दहा वाजता संस्थेचे सचिव वैरागडे सर हार घेऊन आले. निवृत्त हेडमास्तर. त्यांनी मातीकडे पाहिलं आणि चष्मा पुसला.

"जून महिन्यात पडताळणी झाली ना?"

"झाली, सर."

"चौदा नंबरपुढं काय लिहिलंय?"

"सुस्थितीत."

"सही कोणाची?"

"तुमची. खाली माही."

"मग फाईल सुस्थितीत आहे."

"सर, फायलीत माती आहे."

"जलालुद्दीन, 'नष्ट' लिहायचं तर समिती बसवावी लागते. समितीला कोरम लागतो. कोरममधले तिघं वारले. त्यांची नावं कमी करायलाही समितीच लागते." सरांनी आवाज खाली आणला. "त्या बाईला वाचता येतं?"

"नाई."

"मग अडचण काय आहे? जुना कोरा कागद असेलच तुमच्याकडं. चहाच्या पाण्यात बुडवा. तुमच्या हातात कला आहे."

आणि ते हार घालायला बाहेरच्या नामफलकाकडे गेले. तिथून पुढे त्यांना आणखी दोन हार घालायचे होते.

जलालुद्दीनला राग आला नाही. रागाला ताकद लागते. गुडघे दुखत होते, खोलीत ओल्या भिंतीचा वास होता, आणि घड्याळात साडेदहा झाले होते. एकदोन वेळा त्याला वाटलं, दाराला कुलूप घालून घरी जावं. पण ती बाई पहाटे गावातून पायी निघून, मग चार तास गाडीत बसून येते. कुलपाला पाहून जाईल.

त्यानं एका जुन्या रजिस्टराचं शेवटचं कोरं पान रापीनं कापलं. तीस सालचं नसेल, पस्तीसचं असेल. मनसारामनं चहा दिला. अर्धा जलालुद्दीननं प्यायला, अर्धा पानानं. पान वाळल्यावर त्यानं टाक घेतला. मजकूर त्याला पाठ होता. मुन्शीचं अक्षरही पाठ होतं. उजवीकडे झुकलेलं, जणू लवकर घरी जायचंय. बारीक लिहिलं तर दोन पानांचं एकात मावलं. लिहून झालं आणि खाली अंगठ्याची जागा मोकळी राहिली.

मनसाराम पुढे सरकला. "माया घ्या. थो बी ढिवर, मी बी ढिवर. आंगठ्यात काय फरक असते?"

"तुया आंगठ्यात वार कुठी आहे?"

मनसारामनं अंगठा उलटून पाहिला. वार नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्याचं वाईट वाटलं असावं.

"ब्लेड आणू काय?" चहा आणू काय, याच सुरात त्यानं विचारलं.

"काऊन बे, तुले वेड लागलं काय?"

"नाई. तुमीच म्हणून राह्यले का वार पाह्यजे."

जलालुद्दीननं हात हलवून त्याला गप्प केलं, आणि त्या हलवलेल्या हाताकडे त्याचं लक्ष गेलं. डावा अंगठा. पेराच्या मधोमध आडवी रेघ. बाराव्या वर्षी बापाच्या रापीनं कापलं होतं, ती खूण. इतकी वर्षं तो त्या हातानं पोचूचा कागद धरत होता, आणि हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

मनसारामही पाहत होता. "जलालभाऊ," तो म्हणाला, "हे तं वरूनच लिहून आलं."

जलालुद्दीननं शाईचं पॅड उघडलं. अंगठा दाबला, कडेपर्यंत फिरवला आणि कागदावर नेला. जिथे ठसा उमटायचा त्याच्या वरच्याच ओळीवर नजर पडली. जबान्या अशाच संपतात: 'वाचून दाखविले, बरोबर आहे.'

अंगठा कागदापासून बोटभर वर थांबला.

"रामराम, जलालभाऊ."

दारात गिरजाबाई. अहेरीची गाडी आज वेळेवर आली होती. वर्षभरात जी गोष्ट कधी होत नाही ती बरोबर आजच झाली होती. सत्त्याहत्तरीची बाई, अंगानं वाळलेल्या मासळीसारखी, हातात कापडी पिशवी. पिशवीत दरसालसारखी पुडीत बांधलेली मोहफुलं असणार.

"आंगठ्याले शाई काऊन?" ती म्हणाली. "तुमाले तं सही येते."

मनसाराम पाणी आणतो म्हणून निघाला आणि दाराच्या आडच थांबला.

जलालुद्दीन म्हणाला, "बसा, गिरजाबाई." ती बसली. तोही बसला. मग त्यानं एका दमात सांगितलं, कारण थांबला असता तर पुन्हा सुरुवात झाली नसती. "तुमच्या बापाचा कागद गेला. उधईनं खाल्ला. चूक माही आहे. बाकीच्यायले जहर लावलं, तुमच्या फायलीले नाई लावलं. तुमी ओठ लावता म्हणून."

गिरजाबाईनं टेबलावरच्या मातीवर बोट टेकवलं.

"पूरा गेला?"

"पूरा."

"आंगठा बी?"

"हाव."

तिनं पदर तोंडाला लावला आणि काढला. "मले सांगाचं ना, भाऊ. ओठ नसते लावले मी. कपाळ लावलं असतं."

"तुमाले ना कसं म्हणू? वर्षातून एकडाव येता."

"असं तुमी मले वाचवलं, अन् माया बापाले मारलं."

हे ती टोमण्यानं म्हणाली की नुसतंच म्हणाली, जलालुद्दीनला कळलं नाही. त्यानं मान खाली घातली. मनसारामनं दाराआड नाक ओढलं.

मग गिरजाबाईनं पिशवी खाली ठेवली, पाय सारखे केले, पदर डोक्यावर घेतला. दरसाल वाचन ऐकताना बसायची तशी बसली.

"वाचा."

"काय वाचू, बाई? कागदच नाई."

"तुमी कधी कागद पाह्यला? दरसाली मायाकडंच पाहून वाचता."

जलालुद्दीननं चष्मा काढला. आणि रिकाम्या पुठ्ठ्यावर हात ठेवून, मुन्शीच्या भाषेत, पोचूच्या वतीनं बोलू लागला.

"मी, पोचू वल्द दसरू, जात ढिवर, धंदा मासेमारी, वय सुमारे तीस, राहणार मौजे डोंगरमेटा, विचारल्यावरून सांगतो की, सरकारी रानातले गवत मी कापले. विळा माझाच आहे. कोणाच्या सांगण्यावरून कापले, असे विचारले असता सांगतो की, कोणाच्या सांगण्यावरून नाही. का कापले, असे विचारले असता सांगतो की, गवत वाढले होते. पुन्हा कापशील काय, असे विचारले असता सांगतो की, पुन्हा वाढेल. घरी बायको व एक मुलगी आहे. मुलीचे नाव गिरजा. आणखी सांगावयाचे नाही. वाचून दाखविले, बरोबर आहे."

"बरोबर आहे," गिरजाबाई म्हणाली. ती दरवर्षी म्हणायची.

मग तिची नजर टेबलावरच्या चहाच्या रंगाच्या कागदावर गेली. "हे काय व्हय?"

"हे खोटं आहे. तुमाले फसवाले लिवलं होतं मी."

"काय खोटं लिवलं यात?"

"शब्द तेच आहे. आता वाचले तेच. माया आंगठा लावला असता तं खोटं झालं असतं."

"मंग नाई लावला ना?"

"नाई."

गिरजाबाईनं विचार केला. मासे विकताना करायची तसा, घाई न करता. "आमच्या बाले लिवता येत नव्हतं. त्याचं बी दुसऱ्यानंच लिवलं होतं," ती म्हणाली. "थ्यानं ऐकलं, बरोबर आहे म्हटलं, अन् आंगठा देल्ला. मी बी ऐकलं."

जलालुद्दीननं टाक उचलला आणि त्या मजकुराखाली, मुन्शीच्या नव्हे, स्वतःच्या उभ्या अक्षरात लिहिलं: 'मूळ जबानी वाळवीने नष्ट झाली. दोष रेकॉर्ड कीपरचा. वरील मजकूर त्यास पाठ असल्यावरून त्याने लिहिला. पोचू याची मुलगी गिरजा हिला वाचून दाखविला, बरोबर आहे.' लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. 'दोष' शब्दापाशी ती मध्येच म्हणाली, "थे काढा." तो म्हणाला, "नाई काढता येत, शाई आहे." मग त्यानं तिचा डावा अंगठा धरून पॅडवर फिरवला आणि मोकळ्या जागेवर टेकवला.

ठसा उमटला, पण त्यात रेघा नव्हत्या. नुसता गुळगुळीत काळा डाग, पाण्यातल्या गोट्यासारखा.

पाण्याचा पेला घेऊन मनसाराम एकदाचा आत आला होता. तो वाकून म्हणाला, "लाईनीच नाई आल्या."

"झिजल्या, बाबू. साठ वर्सं जाळं ओढलं. लाईनी तळ्यात गेल्या." आणि तिनं सवयीनं तोंड कागदाकडे नेलं.

जलालुद्दीननं तळहात मध्ये घातला. "आता नाई, गिरजाबाई. याले मोरचूद लावतो."

ती थांबली. मान डोलावली. अर्ध्यावरून परत फिरलेले ओठ मिटून घेतले, कागदाला दुरून हात जोडले. मोहफुलांची पुडी उघडून फुलं रिकाम्या पुठ्ठ्यावर ठेवली. टेबलावरची माती चिमटीनं गोळा करून त्याच पुडीच्या कागदात बांधली आणि पुडी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. संग्रहालयातून काहीही बाहेर जायचं तर पावती लागते. जलालुद्दीननं पावतीपुस्तक काढलं नाही. मनसाराम तिला तीनच्या गाडीला बसवायला ऑटो पाहायला गेला.

ती गेल्यावर जलालुद्दीननं खळ शिजवली. मोरचूद घातलं, मग आणखी एक चिमूट. पान शिवलं, पाठीला कापड चढवलं, कडांना निळा हात फिरवला. बोटं निळी झाली, अंगठा काळाच होता. जिल्द वाळेपर्यंत वरून वजन लागतं. नेहमीचं वजन, दगडी पाटा, मनसारामनं दाराला अडसर म्हणून लावला होता, आणि उठून तो आणायचा जलालुद्दीनला कंटाळा आला.

काचेचं कपाट हाताशी होतं. त्यानं ते उघडलं, तीन नंबरचा पितळी लोटा काढला, माठातल्या पाण्यानं गळ्यापर्यंत भरला आणि चौदा नंबरच्या फायलीवर ठेवला.

लोटा दोन दिवस तिथेच होता. बत्तीसपैकी एकाही रजिस्टरात त्याची नोंद नाही.