बूड नसलेल्या बॅगा

रागावण्याआधी नाकातून एक लांब श्वास सोडायची तिची सवय होती. तो श्वास इतका वाजायचा की घरभेट विभागातल्या नर्सेस तिला पाठीमागे 'शिट्टी' म्हणायच्या. पुढेपुढे तोंडावरही म्हणू लागल्या. तिने हरकत घेतली नाही. सव्वीस वर्षं नोकरी झाली होती, विभागात तीच सगळ्यात मोठी, आणि आपल्या नाकावर राग आहे हे तिलाही ठाऊक होतं.

त्या मंगळवारी सकाळी शिट्टी वाजली ती धाकटीच्या हातातला कागद बघून.

धाकटी म्हणजे विभागातली सगळ्यात नवी मुलगी. दहा महिन्यांपूर्वी लागलेली, दोन महिन्यांनी कायम व्हायची होती. काम सगळ्यांचं एकच. अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांच्या घरी जायचं, जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, रक्तदाब आणि साखर बघायची, जखमेचा फोटो काढायचा आणि सगळं लॅपटॉपवर नोंदवायचं. दिवसाला सात-आठ घरं, म्हणजे दिवसाला सात-आठ जिने. त्यासाठी सहा महिन्यांपूर्वी चाळीसही जणींना संस्थेने एकसारख्या बॅगा दिल्या होत्या. करड्या रंगाच्या, पुढे संस्थेचं बोधचिन्ह.

कागदावर लिहिलं होतं : 'आपल्या निष्काळजीपणामुळे संस्थेच्या लॅपटॉपचे नुकसान झाले आहे. तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.'

"झालं काय नक्की?" शिट्टीने विचारलं.

"पाठीला जखम आहे ना, त्या आजोबांच्या दाराशी उभी होते. घंटा वाजवायची म्हणून बॅग खाली ठेवली. आपटली नाही हो सिस्टर, ठेवली. पट्ट्याची कडी निसटली आणि शेवटची वीतभर ती पडली, एवढंच. आत जाऊन उघडला तर पडदा फुटलेला आणि मशीन सुरूच होईना. आधीच्या तीन घरांचे फोटोही त्यातच."

"मग?"

"मग काय, डॉक्टर म्हणाले फोटो हवेतच. तिघांच्या पट्ट्या मी दुपारी पुन्हा सोडल्या. एक बाई तर सकाळीच इतकी कळवळली होती... मला बघून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं." धाकटीने कागदाची घडी घातली. "काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं."

शिट्टीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जखमेवरची पट्टी एकदा सोडणं काय असतं हे तिला माहीत होतं. एका दिवसात दोनदा, आणि तेही कुणाच्या तरी टेबलावरच्या गाढवपणापायी!

ती तशीच दोन मजले उतरून खरेदी विभागात गेली. खरेदीचे साहेब मऊ बोलणारे गृहस्थ होते. समोरचा माणूस जितका तापेल तितका त्यांचा आवाज खाली यायचा.

"बसा ना सिस्टर. अहो, बॅग पॅडेड आहे. आत लेबलवर तसं लिहिलंय."

"लेबल लावलं की झालं? मग रोग्याच्या गळ्यात 'बरा झाला' अशी पाटी अडकवू का मी?"

"चाळीस बॅगा वाटल्या. एकीचाच लॅपटॉप कसा फुटला? बाकीच्या एकोणचाळीस जणी सांभाळतातच की. शुक्रवारी मोठ्या बाईंकडे बैठक आहे. काय असेल ते तिथे मांडा."

एकीचाच. हा शब्द घेऊन शिट्टी वर आली आणि दुपारी सगळ्या जणी परतल्यावर तिने दार लावून घेतलं. "खरं सांगा. कुणाकुणाच्या मशीनला काय काय झालंय?"

आधी सगळ्यांनी मूग गिळले. मग एकीने लॅपटॉप उघडला. पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ. दुसरीचा कोपरा चेपलेला, तिसरीचं बिजागर चिकटपट्टीने धरून ठेवलेलं. एकूण नऊ निघाले. नऊ जणी सहा महिने आपापली मोडतोड झाकून फिरत होत्या, कारण सांगितलं की आपल्यावरच येणार.

"आणि तुम्ही गप्प बसलात?" शिट्टी ओरडली.

"तुम्हीच ओरडाल असं वाटलं," हिरव्या रेघेवाली म्हणाली.

 शिट्टीने धाकटीची बॅग काखेत मारली आणि निघाली.

तिची भावजय बॅगा आणि पेट्या शिवायची. कॅमेऱ्यांच्या, वाद्यांच्या, मोजणीच्या यंत्रांच्या. लग्न होऊन आली तेव्हा शिट्टी चारचौघांत म्हणाली होती, "भावाने पिशवीवाली केली." त्याला एकवीस वर्षं झाली. भावजय ते विसरली नव्हती आणि विसरल्याचं नाटकही करत नव्हती.

"या वन्सं," मशीनवरून मान न उचलता ती म्हणाली. "आज पिशवीवालीकडे वाट चुकलात?"

"टोमणे नंतर मार. आधी ही बघ." शिट्टीने तिला हिरव्या रेघेपासून नवाही लॅपटॉपांचं सांगितलं.

भावजयीने बॅग हातात घेतली. उघडली नाही. नुसतं खालून बूड चाचपलं आणि तोंड वाकडं केलं. मग धारेचं ब्लेड घेऊन आतलं अस्तर उसवलं. पुढच्या आणि मागच्या बाजूला फोमचा पातळ पापुद्रा होता. खाली काहीच नव्हतं. एक कापड, त्याखाली दुसरं कापड, त्याखाली फरशी.

"बडा घर, पोकळ वासा," ती म्हणाली. "हे बघा. लॅपटॉपचा कप्पा बुडाशी नेऊन शिवलाय. तो वर लटकता हवा, तळापासून दोन बोटं. बॅग टेकली तरी मशीन टेकता कामा नये. आणि कप्पा केवढा मोठा! तुमचं मशीन चौदा इंची, हा सोळाचा. आत ते गोट्यासारखं फिरतं आणि पडलं की कोपऱ्यावर पडतं. चार्जरचा खिसा तर बरोब्बर झाकणावर. बॅग गच्च भरली की तो विटेएवढा चार्जर पडद्याला दाबतो. तुमची हिरवी रेघ तिथली."

"म्हणजे मुलींची चूक नाही."

"अंडी चाळणीत ठेवून वाहायला दिली, तर फुटल्यावर वाहणाऱ्याची चूक कशी?" भावजयीने तुटकी कडी चिमटीत धरली. "ही कडी तर रेनकोटाच्या टोपीला लावतात ती आहे. एवढं वजन तिने पेलावं तरी कसं? वन्सं, ही बॅग निवडली कुणी?"

"असेल कुणी उंटावरचा शहाणा," शिट्टी म्हणाली.

शुक्रवारी मोठ्या बाईंच्या खोलीत चौघेच होते. संस्थेच्या प्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, खरेदीचे साहेब, धाकटी आणि शिट्टी. शिट्टीने उसवलेली बॅग टेबलावर उलटी केली आणि भावजयीने सांगितलेली एकेक खोट बोट घालून दाखवली. नऊ लॅपटॉपांची यादी वाचली. पट्ट्या पुन्हा सोडलेल्या तिघांची नावं वाचली. शेवटी म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय बाई. ज्याने ही बॅग निवडली त्याला नोटीस द्या."

 साहेबांनी फायलीतून एक कागद काढला, बाईंपुढे ठेवला आणि मग हलकेच शिट्टीच्या दिशेने सरकवला.

'नमुना निवड' असा मथळा होता. तीन बॅगा, अ, ब आणि क. 'ब' पुढे खूण. कारणाच्या रकान्यात चार शब्द : 'खिसे जास्त. रंग मळखाऊ.' खाली सही.

अक्षर तिचं होतं. सहीही तिचीच.

मग तिला सगळं आठवलं. सहा-सात महिन्यांपूर्वी ती घरभेटीला निघाली होती, डोक्यात त्या दिवसाची आठ घरं. साहेबांच्या माणसाने जिन्यातच थांबवून तीन बॅगा दाखवल्या. 'क' जाड बुडाची होती आणि जड होती. "आमची ओझ्याची गाढवं करता काय?" असं म्हणून तिने ती बाजूला सारली होती. लॅपटॉप तिच्या हातातच होता. तो आत घालून बघायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. दोन मिनिटं लागली असतील, फार तर तीन.

तीन दिवस तिने जो राग उराशी धरला होता तो आता कुणावर काढावा हे तिला कळेना. कानशिलं तापली. साहेबांचा मऊ चेहरा समोर होता आणि त्या चेहऱ्याला ती या क्षणी एक शब्द बोलू शकत नव्हती, याचा तिला सगळ्यात जास्त संताप आला.

"सही माझी आहे," ती म्हणाली. "म्हणजे नोटीस चुकीच्या बाईला गेली."

"तसं नाही सिस्टर," साहेब म्हणाले. "माझं म्हणणं एवढंच की विभागाची संमती होती..."

"तसंच आहे. निष्काळजीपणा माझा आहे. आणि तुमचाही. चाळीस बॅगा मागवण्याआधी एकात एक पुठ्ठ्याचं खोकं तरी घालून बघितलंत? जिन्यात गाठून सही घेतलीत ती मला विचारायला, की उद्या माझ्याकडे बोट दाखवायला?"

साहेबांनी हात वर केले. "मी नियमाप्रमाणे नमुने दाखवले."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "हिची नोटीस मागे घ्या."

"मागे घेऊ नका," शिट्टी म्हणाली. "काढून टाका. 'दिली होती, मागे घेतली' असाही कागद हिच्या फायलीत राहता कामा नये. आणि माझ्या नावाने नवी काढा."

"तुमची चार वर्षं राहिलीत. कशाला डाग लावून घेता?"

"ज्या मुलीची तीस वर्षं राहिलीत तिला लावायला निघालाच होतात ना?"

बाईंनी तसं लिहून दिलं. साहेबांच्या फायलीत मात्र काहीच गेलं नाही. ते उठताना "बरं झालं, विषय मिटला" असं म्हणाले, तेव्हा शिट्टीने ती उसवलेली बॅग त्यांच्या डोक्यात घालायची तेवढी बाकी ठेवली.

बाहेर व्हरांड्यात धाकटी थांबली होती. शिट्टीला वाटलं, आभार मानेल.

"तीन दिवस तुम्ही सगळ्यांवर ओरडत होतात," धाकटी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण रडण्याने नव्हे. "आणि निवडली तुम्हीच होती."

"विसरले होते गं."

"तुम्ही विसरलात तर विसरलात. आम्ही विसरलो की कागद येतो हातात."

"तो काढून टाकला ना आता."

"कागद काढला. त्या बाईने भिंतीकडे तोंड फिरवलं ते कसं काढणार?"

 कुणी आपल्यावर इतकं रास्त रागावलंय असं शिट्टीच्या बाबतीत कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. तिने मान खाली घातली. धाकटी निघून गेली आणि पुढचे दहा-बारा दिवस कामापुरतंच बोलली.

बॅगा परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता. मग मोठ्या बाईंनी ठरवलं की आत घालायला कडक कडांची कव्हरं घ्यायची आणि कड्या बदलून घ्यायच्या. शिट्टीने भावजयीला विचारलं, "तू शिवून देतेस का?"

"अजिबात नाही. साहेब म्हणतील, नणंदेने भावजयीचं दुकान चालवलं. कसं पारखायचं ते सांगते, घ्या बाजारातून." मग ती म्हणाली, "पिशवीवालीचा सल्ला फुकट आहे."

"झालं तुझं? एकवीस वर्षं झाली."

"अजून व्हायचंय."

शिट्टीने तिची माफी तिथेच मागितली. धडपणे मागता आली नाही, मध्येच खोकला आला, पण मागितली. भावजय मशीन चालवत राहिली आणि तिने चहा ठेवला नाही. जाताना मात्र मोजपट्टी हातात दिली.

ती मोजपट्टी शिट्टीने धाकटीच्या टेबलावर ठेवली. "निवड तू कर. माझा एक शब्द मध्ये येणार नाही."

धाकटीने सहा नमुने मागवले. बंद पडलेला लॅपटॉप प्रत्येकात घातला, ते कव्हर बॅगेत, बॅगेत पट्ट्यांचं सगळं सामान, आणि ती बॅग खांद्यावर मारून तीन मजले चढली-उतरली. मग जिन्यावरून पाडली. एकदा सपाट, एकदा बुडावर, एकदा कोपऱ्यावर. शिट्टी खाली उभी राहून पडलेलं उचलून द्यायची आणि ठरल्याप्रमाणे तोंड मिटून राहायची. एका कव्हराची चेन आतून उघडी होती, मशीनवर ओरखडे आले. दुसरं नळाखाली धरलं तर शिवणीतून पाणी झिरपलं. तिसरं इतकं घट्ट की घाईत निघेना. सहातलं पाचवं टिकलं.

पंधरा दिवसांनी चाळीस कव्हरांचं खोकं आलं. धाकटीने वरचं एक उचललं, खालून चाचपलं आणि ब्लेड मागितलं. कड उसवली. नमुन्यात जाड फोम होता, यात पातळ.

तिने तिथूनच कव्हरांच्या दुकानदाराला फोन लावला. पलीकडून तो काहीतरी समजावू लागला, मग हसला असावा, कारण धाकटीचा चेहरा एकदम लाल झाला.

"हसताय काय? नमुना माझ्यापुढे आहे आणि तुमचा मालही! नाही, साहेबांशी बोलू नका, माझ्याशी बोला. फरक थोडाच आहे म्हणता? थोडाच तर फुटायला पुरतो! खोकं दारात ठेवतेय. आज संध्याकाळपर्यंत उचला."

दोन मजले खालून साहेब वर आले होते. दारात उभे राहून, "अहो, हळू जरा, चालवून घेऊ," असं काहीतरी म्हणत होते. धाकटीने त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि फोनवर आणखी मोठ्याने बोलू लागली. शिट्टी शेजारच्या टेबलावरून उठली, ते खोकं तिने दोन्ही हातांनी ओढत नेलं आणि साहेबांच्या पायांशी, दाराच्या बाहेर, ठेवून दिलं.