व्याह्यांचा लेप

तात्या आणि त्यांचे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, यांच्या हृदयाची ऑपरेशनं एकाच आठवड्यात झाली आणि खाटाही शेजारी शेजारी मिळाल्या. दोघांचंही छातीचं हाड कापून पुन्हा तारेने बांधलं होतं. खोकला आला की दोघं आपापली उशी छातीशी कवटाळत. तेवढा वेळ भांडण थांबायचं.

भांडण लेपाचं होतं. हाड लवकर सांधावं म्हणून व्याह्यांच्याच रक्तातून हाडाची वाढ करणारे घटक वेगळे काढले होते आणि त्यांचा लेप हाडाच्या कडांना लावला होता. तात्यांना नुसती तार.

"आमच्या रक्तात दम असेल, म्हणून काढलं," व्याही छताकडे बघत म्हणाले.

हे तात्यांच्या मनाला लागलं. त्यांनी जेवणाला हात लावला नाही. डॉक्टरबाई तपासायला आल्या तेव्हा तात्यांनी विचारलं, "मुलाकडचे आम्ही, आणि लेप त्यांना?"

डॉक्टरबाई फाइलमधून डोकं वर न काढता म्हणाल्या, "तुमचं हाड धडधाकट आहे, आपसूक सांधेल. त्यांना मधुमेह आहे, हाडही ठिसूळ. अशांनाच आम्ही लेप लावतो."

तात्यांनी ताट पुढे ओढलं आणि चाटूनपुसून साफ केलं. मग सुनेला फोन लावून, "वडिलांना जप हो, नाजूक आहेत," असं मायेने सांगितलं, शेजारच्या खाटेवर नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

व्याह्यांनी घंटी वाजवून नर्सला बोलावलं आणि लेप खरवडून काढता येतो का, ते विचारलं.